दुलईसकट दक्षिणायन

आमच्या सुवाऊकीत, म्हणजे पोलंडच्या पार ईशान्य कोपऱ्यात, माणसाने शेजाऱ्याची शिडी नेऊन परत केली नाही तरी चालतं, पण एकदा निरोप घेतल्यावर पुन्हा गावात दिसलेलं चालत नाही. निरोप म्हणजे काय साधी गोष्ट वाटली? लोक घरी येतात, तीन-तीनदा गालाला गाल लावतात, बायका डोळे पुसतात आणि कुणीतरी सेंकाच आणतं. सेंकाच म्हणजे विस्तवावर फिरवत फिरवत भाजलेला, अंगभर काटे आलेला उंचच उंच केक. त्यात अंडी किती पडलीत हे आणणारी बाई दारातच सांगते, म्हणजे खाणाऱ्याला आपल्यावर किती उपकार झाले ते नीट कळावं. एवढं सगळं पदरात पाडून घेतल्यावर तीन दिवसांनी तुम्ही बेकरीच्या रांगेत पाव घ्यायला उभे दिसलात, तर लोकांना राग येणारच. त्यांचं रडू फुकट गेलेलं असतं.

मी दिसलो. बरं, एकदा नाही. पुरता दीड महिना दिसत होतो.

"अरे राडेक! तू स्पेनला गेला होतास ना?" खालच्या मजल्यावरच्या याद्विगा काकू रांगेच्या दुसऱ्या टोकावरून ओरडल्या.

"निघतोच आहोत, काकू."

"मी दिलेला सेंकाच संपला का?"

"संपला."

"मग आता कशासाठी थांबलायस?"

रांग हसली. मी पाव न घेताच घरी आलो. घरी म्हणजे काय, चार भिंती आणि खोकी. कारण जायचं ठरलं त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात मी पलंग विकून टाकला होता. मग सोफा, मग टेबल. काटे-चमचे कुठल्या खोक्यात गेले ते देवालाच ठाऊक. आम्ही नवरा-बायको वाढायच्या एकाच डावाने सूप पीत होतो, आळीपाळीने. नोकरीचा राजीनामा दिलेला, माझ्या जागी नवा माणूस आलेला. सकाळी उठून मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालायचो. खालून काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या.

जायचं कशाला, तर किंगाच्या बोटांसाठी. किंगा म्हणजे माझी बायको. ती लग्नाचे पोशाख शिवते, आणि नवरेपणाचा पक्षपात सोडून सांगतो, तिच्यासारखं मण्यांचं भरतकाम आख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नाही. पण थंडी सुरू झाली की तिची बोटं खडूसारखी पांढरी पडतात आणि मेल्यासारखी होतात. सुई रुतली तरी तिला कळत नाही. पांढऱ्या झग्यावर लाल ठिपका उमटला की मग कळतं. डॉक्टर म्हणाले, हातमोजे घाला. हातमोजे घालून मोती टाचून दाखवा म्हणावं! आणि आमच्याकडे थंडी म्हणजे पाहुणी नव्हे, घरमालकीण. देशातलं सगळ्यात थंड गाव म्हणून लोक छाती काढून सांगतात. त्यातून मी धंद्याने बॉयलर आणि रेडिएटर दुरुस्त करणारा. गावातली शेकडो घरं मी गरम केली, पण स्वतःच्या बायकोची दहा बोटं मला गरम करता येईनात. हे मला फार लागायचं.

तेव्हा किंगाची एक जुनी मैत्रीण, जी स्पेनच्या अगदी दक्षिणेला समुद्राकाठी शिवणकामाचं दुकान चालवते, तिने "ये माझ्याकडे कामाला" म्हटल्याबरोबर मीच आधी हो म्हणालो. जिथे बॉयलर लागत नाहीत तिथे बॉयलरवाला निघाला! न्हाव्याने टकल्यांच्या गावी दुकान थाटण्यातलाच प्रकार. पण म्हटलं, बघू. नळ तर तिकडेही गळत असतील.

अडलं कुठे, तर सासूबाईंपाशी.

गेनोवेफाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाबाहेर सायकलच्या टप्प्यात असलेल्या खेड्यात हंस पाळतात. एकट्याच असतात. आम्ही स्पेनचं सांगितलं तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुरी पुसली आणि हंसांना दाणे टाकायला निघून गेल्या. आम्ही दोघं सालांकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या, "दुलई व्हायची आहे."

"कसली दुलई, आई?" मी विचारलं.

"लेक घर सोडून जाते तेव्हा आईने आपल्या हंसांच्या पिसांची दुलई द्यायची असते."

"पण आमच्या लग्नाला तर तीन वर्षं झाली."

"तेव्हा कुठे गेली होती ती? सायकलवर जाता येतं त्याला घर सोडणं म्हणत नाहीत."

"आई, तिकडे जानेवारीत लोक समुद्रात पोहतात!"

"पोहू देत की. पोहून आल्यावर काय पांघरतात?"

माझ्या मते हे सगळं दुलईचं खूळ होतं. किंगाचं मत वेगळं होतं. ती घरी परतताना बसमध्ये म्हणाली, "राडेक, आई तोंडाने एकदा 'बरं करतेयस' म्हणाली ना, की मी मोकळी. तेवढं ऐकल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही."

"आणि नाहीच म्हणाल्या तर?"

"मग मला तिकडे करमायचं नाही."

म्हणजे सगळं त्या एका वाक्यावर येऊन अडलं. आणि सासूबाई तर मनातलं चार शब्दांच्या वर बोलल्या की त्यांना धाप लागते.

इकडे मी दुलईची वाट न बघता निरोप-समारंभ उरकून टाकला होता. त्यातच माझं वाटोळं झालं. शेजारचे लेशेक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सगळ्या जगाला रुळावर आणायचं व्रत घेतलेले, तिथे सेंकाचचा तिसरा तुकडा तोडत म्हणाले, "दुलई ने रे बाबा. म्हाताऱ्या माणसांचं ऐकावं."

"काका, तुम्ही स्पेनला गेलायत?"

"नाही. पण थंडी सगळीकडे जाते."

लोकांसमोर मला चेव आला. दोन पेले पोटात होते हेही खरंच. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि माझ्या मिशीवर हात ठेवला. ही मिशी मी विसाव्या वर्षापासून वाढवलेली. टोकं वर वळलेली, रविवारी मेण लावलेली. गावात मला ओळखतात ते बॉयलरमुळे नाही, हिच्यामुळे. "लिहून घ्या!" मी म्हणालो, "स्पेनमध्ये एक दिवस जरी त्या दुलईची गरज पडली, तर ही मिशी भादरून टाकीन!"

टाळ्या पडल्या. किंगाने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीवरून हळूच खाली उतरलो.

आता पिसांचं ऐका. हंसाच्या पिसाची मधली काडी टोचते, म्हणून प्रत्येक पिसातून ती काढून मऊ भाग तेवढा घ्यायचा. हे काम खेड्यातल्या बायका एकत्र जमून करतात. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या घट्ट बंद. कुणी शिंकायचं नाही, जोरात हसायचं नाही, पंख्याचं नाव काढायचं नाही. टेबलावर पिसांचा डोंगर आणि भोवती डोक्याला रुमाल बांधलेल्या आठ बायका, हलक्या आवाजात गावभरची कुलंगडी सांगताहेत. पूर्वी टवाळ पोरं म्हणे मुद्दाम आत चिमण्या सोडायची. माझ्या बाबतीत चिमणीची गरज पडली नाही.

त्या दुपारी मला गाडीच्या टपावर बांधायची पेटी फुकटात मिळाली होती. केवढी आनंदाची बातमी! खेड्यापर्यंत मी जवळजवळ पळत गेलो आणि आरोळी ठोकत स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. बाहेर वारा होता. माझ्यामागचं अंगणाचं दार, जे मी येताना लावायचं विसरलो होतो, तेही उघडं होतं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तो डोंगर हळूच उठला, सावकाश, एखादा पाहुणा "बराय, निघतो" म्हणून उठावा तसा, आणि निघाला. मी दार लावायला वळलो, नाकात एक पीस गेलं आणि मी शिंकलो. माझी शिंक साधी नसते. त्यानंतर मला बायका दिसेनाशा झाल्या, नुसते आवाज येत होते.

"कोण मेला हा?"

"जावई आहे गेनोवेफाचा."

"तरीच!"

"हलू नकोस रे गाढवा, मिशीत पावशेर बसलीयेत!"

मला स्टुलावर बसवून दोन म्हाताऱ्यांनी माझी मिशी विंचरून पिसं परत काढली. एवढा अपमान माझ्या आयुष्यात झाला नव्हता. अर्धी पिसं अंगणात, चिखलात आणि शेजारच्या डुकरांच्या अंगावर गेली. सासूबाई कपाटावरून पिसं खाली झाडत म्हणाल्या, "आता पुढच्या हंसांपर्यंत थांबा." मला शपथेवर विचाराल तर त्या गालात हसत होत्या. किंगाला मी तसं सांगितलं.

"तुझी आई मुद्दाम वेळ काढतेय!"

"दार मुद्दाम तिने उघडलं का?"

मी कोटावरची उरलेली पिसं वेचू लागलो.

अशी आणखी तीन आठवडे माझी तडफड झाली. याद्विगा काकू जिन्यात भेटल्या की "आता ख्रिसमस करूनच जा" म्हणायच्या. ज्यांना मी सोफा विकला त्यांनी एके दिवशी दया येऊन आम्हाला बसायला बोलावलं. आमच्याच सोफ्यावर! शेवटी दुलई झाली. दोन माणसं आणि एक वासरू आरामात मावेल एवढी. गाडीत ती मावणं शक्यच नव्हतं, म्हणून मी ती पार्सलने पाठवायला पोस्टात नेली.

"आत काय आहे?" खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं.

"दुलई."

"कशाची?"

मी कापसाची म्हणायला हवं होतं. पण खरं बोलायची खोड! "हंसाच्या पिसांची."

"म्हणजे पक्ष्यांची. सध्या पक्ष्यांत रोगाची साथ आहे. पशुवैद्याचा दाखला आणा."

पशुवैद्य जेवायला बसले होते. त्यांनी दुलईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी प्राणी तपासतो, अंथरूण तपासत नाही. पक्षी आणा."

"या दुलईतले पक्षी आता नाहीत हो."

"कुठे गेले?"

"खाल्ले."

"सगळे?"

"सफरचंदं भरून, भाजून."

"त्यांना काही रोग होता का?"

"चवीवरून तरी वाटलं नाही."

ते सज्जन गृहस्थ. त्यांनी दाखला दिला: 'पक्षी पाहिले नाहीत, जावयाच्या म्हणण्यानुसार चवीला उत्तम होते.' खिडकीपलीकडच्या बाईंनी तो दोनदा वाचला, वरच्या साहेबांना दाखवला, साहेब पोट धरून हसले आणि पार्सल परत आलं.

मग गाडीतच कोंबायचं ठरलं. लेशेक काका दोर घेऊन मदतीला आले. दुलई एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर यायची. काकांनी तिच्यावर गुडघा रोवला, मी पाठ लावली, शेवटी ती मागच्या सीटवर बसली, पण माझी अवजारांची पेटी बाहेर आली; टपावरची पेटी खोक्यांनी आधीच भरली होती. पाने, पकडी, पाइप वाकवायचं यंत्र, माझी सगळी रोजीरोटी!

"तिकडे बॉयलर कुठे आहेत?" किंगा म्हणाली. "तूच सांगत होतास."

पेटी सासूबाईंच्या पडवीत ठेवली.

निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायची आमच्याकडे रीत आहे. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. किंगा आईच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होतो. म्हणा हो, मनात म्हणत होतो, एकदा म्हणा, काय जातं तुमचं! सासूबाईंनी ओट्यावरचा कणीएवढा पावाचा चुरा बोटाने टिपला, उठल्या, गाडीपर्यंत आल्या, किंगाच्या गळ्याभोवती रुमाल गुंडाळला आणि म्हणाल्या, "काच वर घे. वारा लागेल."

झालं. एवढंच.

किंगा पोलंड संपेपर्यंत रडली, जर्मनीत गप्प बसली आणि फ्रान्समध्ये म्हणाली, "मार्चपर्यंत बघू. आईच्या मनातच नसेल तर परत जाऊ या." मी म्हटलं, परत? त्या बेकरीच्या रांगेत? माझ्या हातून गाडी रस्त्यावरून घसरता घसरता राहिली.

पण सांगतो, नोव्हेंबर आला तो कसला! उन्हात खुर्ची टाकून मी बनियनवर बसत होतो. झाडाला लिंबं लटकलेली. किंगाची बोटं गुलाबी. मी रोज एक फोटो काढून लेशेक काकांना पाठवायचो: बनियन, लिंबू, मिशी. दुलई कपाटावर चढवून ठेवली होती आणि येता-जाता मी तिच्याकडे बघून "काय, बऱ्या आहात ना?" असं विचारायचो. फक्त किंगा खोकी उघडू देत नव्हती. "मार्चनंतर बघू," म्हणायची. त्यामुळे स्पेनमध्येही सूप डावानेच.

जानेवारीत पाऊस आणि वारा सुरू झाला तेव्हा मला त्या घराची खरी ओळख पटली. फरशी दगडी. भिंती पातळ. खिडक्यांच्या फटींतून वारा नुसता येत नव्हता, राहायला आला होता. आणि मी पहिल्यांदाच, धंद्यातला माणूस असून पहिल्यांदाच, भिंतींकडे नीट पाहिलं. घरात एकही रेडिएटर नव्हता. बॉयलर नव्हता. शेगडीला धुराडं नव्हतं. बाहेर सुवाऊकीतल्या मानाने उन्हाळाच म्हणायचा. पण सुवाऊकीत थंडी दाराबाहेर असते, इथे ती आत येऊन बसली होती.

मी घरमालकीण रेमेदिओसबाईंकडे गेलो. त्या टेबलाखाली छोटी शेगडी ठेवून, गुडघ्यांवर टेबलाचं जाड कापड ओढून, दोन स्वेटर आणि वर लोकरी झगा घालून बसल्या होत्या.

"बाई, घर गरम कसं करायचं?"

"कशाला?" त्यांनी आश्चर्याने विचारलं. "आमच्याकडे थंडी नसते." आणि नाक पुसलं.

पहिल्या दिवशी मी कोट घालून झोपलो. दुसऱ्या दिवशी कोट, टोपी आणि बूट. कपाटावरून दुलई बघत होती. मी तिच्याकडे पाठ केली. शब्द म्हणजे शब्द, आणि मिशी म्हणजे मिशी. तिसऱ्या दिवशी किंगा कामावरून आली, टेबलापाशी बसली आणि तिने हात पुढे केले. बोटं पांढरी. खडूसारखी. दुकानात एका झग्यावर लाल ठिपका पडला होता.

दोन हजार मैल आलो, पलंग विकला, सोफा विकला, लोकांच्या टाळ्या घेतल्या, ते यासाठी? मीच खुर्चीवर चढून दुलई खाली ओढली. आम्ही दोघं तिच्याखाली शिरलो. आधी थोडा हंसाचा वास आला, मग सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा. आणि मग ऊब. देवा रे, काय ती ऊब! चाळीस बॉयलर एकीकडे आणि ती दुलई एकीकडे. जरा वेळाने किंगाने बोटं बाहेर काढून पाहिली. टोकांपासून गुलाबी होत होती. तिने ती परत आत घेतली आणि माझ्या पोटावर ठेवली. मी ओरडलो.

सकाळी न्हाणीघरात आरशाखाली वस्तरा, साबण आणि कोमट पाणी मांडून ठेवलेलं होतं. मी साबणाला फेस आणला. जे झालं ते मी सविस्तर सांगणार नाही. दोन्ही टोकं साबणदाणीत पडली तेव्हा मी डोळे मिटले होते एवढंच सांगतो.

आणि नेमका तेव्हाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल! त्या दर रविवारी करतात, मला माहीत होतं, पण मिशीच्या दुःखात वार विसरलो. किंगाने दुलईतूनच फोन उचलला; मी उडी मारून तिच्याशेजारी शिरलो आणि दुलई नाकापर्यंत ओढली. पडद्यावर सासूबाई बिनबाह्यांच्या झग्यात, लालबुंद. मागे कुणीतरी खुडबुडत होतं.

"गरम आहे का तिकडे?" त्यांनी विचारलं.

"उकडतंय नुसतं!" मी दुलईच्या आतून म्हणालो.

"मग तोंडातून वाफ का येतेय किंगाच्या?"

किंगाने तोंड मिटलं. सासूबाई पडद्याजवळ आल्या. "ती दुलई का?"

"हो, आई."

"राडेक, खाली घे जरा. तोंड दिसू दे."

"सर्दी झालीय."

"खाली घे."

मी घेतली. सासूबाई बघतच राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागून लेशेक काकांचं डोकं आलं. माझ्याच पान्याने ते सासूबाईंचा तापून बंदच न होणारा रेडिएटर दुरुस्त करत होते! "अरे," ते म्हणाले, "हा कोण? आपला राडेक कुठाय?"

आणि सासूबाई हसल्या. गालात नव्हे, मोठ्याने, तोंडावर हात घ्यायचंही भान न राहून, टेबलावर हात आपटत. मी तीन वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. त्यांनी मनगटाने डोळे पुसले.

"बोटं दाखव," त्या किंगाला म्हणाल्या.

किंगाने दोन्ही हात दुलईतून काढून पडद्यासमोर धरले. दहाच्या दहा बोटं गुलाबी. सासूबाईंनी एकेक बोट पाहिलं.

"बरं केलंस गेलीस ते," त्या म्हणाल्या. "इथे उणे पंचवीस आहे. माझ्या डोळ्यांदेखत तुझे हात पांढरे व्हायचे आणि मला काही करता यायचं नाही. बरं केलंस हो बाळ."

धाप न लागता एवढं बोलल्या! मग "हंस ओरडतायत" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. हंस ओरडत नव्हते.

किंगा दुलईत तोंड खुपसून मनसोक्त रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि दुसऱ्या हाताने सवयीने ओठावर काहीतरी शोधत होतो. मग ती उठली, खांद्यावर दुलई तशीच ओढून घेतली, कोपऱ्यात गेली आणि सुरीने पहिलं खोकं फाडलं.

त्यात वरच काटे-चमचे होते.